कन्यादानाचं पान

“मुलीची आई कुठंय? मुलीच्या आई, पुढं या लवकर! गुरुजी थांबलेत!”

स्टेजवर उभी राहून मी ओरडत होते. लग्नात फोटोग्राफर ओरडला नाही तर फोटोत माणसांच्या पाठी आणि मोबाईल येतात, दुसरं काही येत नाही. मामा, तो फोन खाली घ्या. मावशी, डोकं बाजूला. ओ दादा, तुम्ही कोण, तुम्ही स्टेजवर कशाला? बाईमाणसानं एवढं ओरडावं का, असं गडहिंग्लजमध्ये सुरुवातीला पुष्कळांना वाटायचं. मग फोटो आवडायला लागले आणि माझा आवाजही त्यांना चालायला लागला.

कन्यादानाची तयारी झाली होती. खाली काशाचं भांडं, त्यावर नवऱ्या मुलाची ओंजळ, तिच्यावर मुलीची, तिच्यावर मुलीच्या वडिलांची, आणि मुलीच्या आईनं वरून झारीनं पाण्याची धार सोडायची. हार चुकला तर परत घालायला लावता येतो, आणि मी लावतेही. ही धार परत सोडता येत नाही. म्हणून त्या वेळी माझा जीव नेहमी टांगणीला लागलेला असतो.

“अहो, मुलीच्या आई!”

कुणी हललं नाही. पहिल्या रांगेतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तेवढ्यात मुलीचे काका, नाना नलवडे, माझ्याजवळ आले. फेटा, सोन्याची घड्याळपट्टी, तालुक्यातल्या शिक्षणसंस्थेचे चेअरमन.

“वरडू नकोस,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “वडलांच्या जागी मी हाय आणि आईच्या जागी आमची मंडळी बसत्यात.”

“आणि आई?”

“तिला बरं न्हाई.”

नानांच्या बायकोनं शालू सावरत झारी हातात घेतली. गुरुजींनी मंत्र सुरू केले. मला काही कळेना. सकाळी सहा वाजल्यापासून मी त्या कार्यालयात होते आणि मुलीची आई, द्वारकाबाई, सगळीकडं होत्या. आचाऱ्याला झापत होत्या, फुलांच्या माळा उलट्या लावल्या म्हणून पोरांना परत शिडीवर चढवत होत्या. मला बघितल्यावर “आधी खाऊन घे गं, मागनं कोण विचारणार न्हाई” म्हणून त्यांनीच उपीट पुढं केलं होतं. त्या बाईला तासाभरात काय झालं?

नवरी मुलगी, स्वरूपा, ना नवऱ्याकडं बघत होती ना गुरुजींकडं. ती मान न वळवता डावीकडं बघत होती. कार्यालयाच्या त्या कोपऱ्यात कोठीचं दार होतं. समोरून फोटो काढायला माझा भाऊ उत्तम होताच. मी लांबची लेन्स लावलेला कॅमेरा उचलला आणि त्या दाराकडं फिरवला.

दार अर्धं उघडं होतं. आत द्वारकाबाई उभ्या होत्या. हात काहीतरी करत होते, पण मधून माणसं जात होती, सावली होती, नीट दिसत नव्हतं. मी बोट दाबून धरलं. पाच-सहा फोटो निघाले असतील. मग कुणीतरी वाढपी टोपलं घेऊन मध्ये आला, आणि तो गेला तेव्हा दार बंद होतं.

जेवणाच्या गडबडीत मी कोठीत गेले. द्वारकाबाई लाडवांच्या पुड्या बांधत बसल्या होत्या.

“तुम्हाला बरं नाही म्हणे?”

“कोण म्हणालं?”

“नाना.”

“मला काय धाड भरलीया?” त्यांनी दातानं दोरा तोडला. “मालक जाऊन बारा वर्सं झाली. इधवा बाईनं कन्यादानाला बसायचं नसतं, हे ठाऊक न्हाई व्हय तुला? एवढी लगनं करतीस.”

“ठाऊक आहे. पटत नाही.”

“तुझ्या पटण्यावर कोण मंत्र म्हणतंय?” त्या म्हणाल्या आणि पुढची पुडी घेतली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. द्वारकाबाईंना अख्खं गाव ओळखत होतं. नवरा गेल्यावर त्याची पिठाची गिरण त्यांनी एकटीनं चालवली होती. पट्टा तुटला तर स्वतः चढवायच्या. उन्हाळ्यात मिरची कुटायचा डंका चालू झाला की तोंडाला पदर बांधून रात्रंदिवस खोकत उभ्या असायच्या. त्या खोकल्यावर स्वरूपा इंजिनियर झाली. तेव्हा नाना कुठं होते म्हणून विचारलं, तर संस्थेच्या मीटिंगला होते. आणि आज मुलीचा हात देताना ही बाई कोठीत लाडू बांधणार, आणि दरवर्षी फक्त दिवाळीला घरी येणारा माणूस फेटा बांधून ओंजळ धरणार.

मी स्टेजवर गेले तेव्हा उत्तमनं माझं तोंड बघूनच ओळखलं. “ताई,” तो म्हणाला, “आपण फोटो काढायला आलोय.”

उत्तमचं हे वाक्य मला पाठ आहे. माझ्या नाकावर राग आणि त्याच्या तोंडात साखर, म्हणून आमचा स्टुडिओ चालला, असं लोक म्हणतात. खोटं नाही ते. हल्ली मला तालुक्यातल्या उद्योजकता शिबिरांना बोलावतात. पोरं-पोरी वह्या उघडून बसतात, “मॅडम, धंद्याच्या टिप्स द्या” म्हणतात. मी देते. कॅमेऱ्यात दोन कार्डं टाका. घरी आल्या आल्या हातपाय धुवायच्या आधी दोन ठिकाणी कॉपी करा. अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत एकही फोटो पुसू नका, वाईटातला वाईटसुद्धा. महागडी लेन्स घ्यायची घाई करू नका, आधी भाड्यानं आणून बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लग्नघरात हुकूम सोडणारे दहा जण असतात, पण ज्यानं बुकिंग केलं तोच गिऱ्हाईक, बाकीचे सगळे पाहुणे. पोरं लिहून घेतात. या शेवटच्या टिपेसाठी मला काय मोजावं लागलं ते मी शिबिरात सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आम्ही फोटो कॉम्प्युटरवर घेतले. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं. उत्तमनं काढलेलं कन्यादान झकास आलं होतं. पाण्याची धार काचेच्या कांडीसारखी दिसत होती. मग माझे, कोठीच्या दाराचे, उघडले.

पहिल्या दोन फोटोंत मधून जाणाऱ्या कुणाचा तरी खांदा होता. तिसरा तेवढाच मोकळा होता. मी तो मोठा केला.

द्वारकाबाईंच्या उजव्या हातात स्टीलचं फुलपात्र होतं. ते त्यांनी तिरपं धरलं होतं आणि त्यातून पाण्याची बारीक धार त्यांच्या स्वतःच्याच डाव्या तळहातावर पडत होती. तळहात भरून पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं होतं, पदर भिजला होता. त्या दारातून स्टेजकडं बघत होत्या आणि ओठ हलत होते. मी वेळ पडताळून बघितली. उत्तमच्या फोटोत नानांच्या बायकोची धार पडत होती, त्याच क्षणाचा हा फोटो होता.

मी खुर्चीत बसले. उत्तम मागं उभा होता. मग मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून अजून राग आला.

“हा अल्बममध्ये जाणार,” मी म्हणाले. “कन्यादानाच्या पानावर. अख्ख्या पानभर.”

“ताई, जरा थांब.”

“नाही थांबणार.”

फोटो निवडायला चार दिवसांनी नाना आले. एकटेच. मुलीकडचा अल्बम कोण निवडणार म्हणून मी फोन केला होता तो द्वारकाबाईंना, पण आले नाना. खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले, चहा मागवला आणि बोट दाखवायला लागले. “हा घे. हा घे. ह्यात आमदारसायेब आल्यात, हा मोठा घे. हा काढ.” काढायला सांगितलेल्या प्रत्येक फोटोत कुठं ना कुठं द्वारकाबाई होत्या. हळदीच्या गर्दीत कडेला उभ्या, रुखवतामागं वाकलेल्या, पाठवणीच्या वेळी गाडीच्या काचेत दिसणाऱ्या.

“नाना, हा का काढायचा? पाठवणीचा एवढा चांगला आलाय.”

“पांढरं कपाळ हाय त्यात. शुभकार्याचा अल्बम हाय ह्यो. मुलीचं सासर बघणार.”

उत्तमनं माझ्या पायावर पाय ठेवला. मी तो झटकला आणि फुलपात्राचा फोटो उघडला.

“मग हा बघा.”

नानांना तो समजायला वेळ लागला. समजल्यावर त्यांचा चेहरा उतरला. माझ्या डोळ्यांनी मी ते बघितलं. पण एकच क्षण. लगेच मिशीवरून हात फिरला.

“पूस ह्यो.”

“नाही पुसणार.”

“न्हाई म्हंजे? मी सांगतोय.”

“तुम्ही पाहुणे आहात, नाना. बुकिंग द्वारकाबाईंचं आहे. त्या येऊन बसल्या होत्या या खुर्चीत, हातावर पीठ होतं, अल्बमचा कागद चिमटीत धरून बघितला आणि म्हणाल्या, जाड लाव, माझ्या पोरीच्या पोरींनी बघावा. गिऱ्हाईक त्या आहेत.”

“ताई!” उत्तम कळवळून म्हणाला. “नाना, तिचं मनावर घेऊ नका. दोन दिवस जागरण झालंय.”

“जागरण झालं असलं तरी मी शुद्धीवर आहे.”

नाना उठले. चहा तसाच होता. “तुमच्याकडं आमच्या संस्थेचं काम हाय न्हवं? आयकार्डं, गॅदरिंग?”

“आहे.”

“बरं,” एवढंच ते म्हणाले. संस्थेच्या सगळ्या शाळांचं काम त्या जूनमध्ये दुसऱ्या स्टुडिओला गेलं. उत्तमनं मला त्यावरून कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

नाना गेल्या गेल्या मी गिरणीवर फोन लावला. “तुम्ही स्वतः या,” मी द्वारकाबाईंना म्हणाले. “आज या.”

द्वारकाबाई संध्याकाळी आल्या. केसांवर, भुवयांवर पीठ. खुर्ची खराब होईल म्हणून बसेनात. मी हाताला धरून बसवलं. माझ्या अंगात उत्साह संचारला होता. आता ही बाई फोटो बघणार, पाघळणार, माझा हात हातात घेणार, असं सगळं मी मनात रंगवून ठेवलं होतं. मी फोटो उघडला आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

त्या पडद्याजवळ वाकल्या. मग एकदम उभ्या राहिल्या.

“ह्यो कवा काढलास?”

“कन्यादानाच्या वेळी. स्टेजवरून. लांबची लेन्स...”

“कुणाला इचारून काढलास?”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“मी दाराआड का गेले हुते? कुणी बघू नये म्हणून गेले हुते ना? घरातनं फुलपात्र बांधून आणलं हुतं मी, ठरवून. जावंला ठाव न्हाई, दिराला ठाव न्हाई. एकट्या पोरीला सांगितलं हुतं, तू तिकडं उभी ऱ्हा, मी हिकडनं धार सोडते. आमच्या दोघींत हुतं ते. आणि तू ते काढून पडद्यावर लावलंस व्हय?”

“अहो, पण किती अन्याय केला त्यांनी तुमच्यावर! हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. नानांचं तोंड बघण्यासारखं होईल.”

“दिराला दावलास?”

मी माऊसकडं बघायला लागले.

“दावलास!” त्यांनी कपाळावर हात मारला, पीठ उडालं. “आता त्यो गावभर सांगंल, वैनीनं चोरून कन्यादान केलं. दया करतील माझी. आगं, मी काय दया मागाय गेले हुते? माझं मी केलं. माझ्या हातानं केलं. त्याला दाखवून काय करू मी? त्यानं हू म्हटलं तरच ते खरं हुणार हाय का?”

“तुम्ही कोठीत लपून राहायचं आणि तो माणूस पानभर मिरवणार? आणि मी तो अल्बम छापायचा? मला नाही जमणार!” माझाही आवाज चढला. स्टुडिओच्या दारातून जाणारी माणसं आत डोकावली. “तुम्ही असं मूग गिळून बसता म्हणून त्यांचं फावतं!”

“मी मूग गिळते?” द्वारकाबाई माझ्याहून मोठ्यांदा ओरडल्या. “बारा वर्सं डंका चालवलाय मी! तुला माझा राग आला काय, त्याचा आला काय, तुझा तू सांभाळ. माझ्या रागावर तू अल्बम छापू नकोस!”

उत्तमनं शटर अर्धं खाली ओढलं. आम्ही दोघी उभ्या राहून धापा टाकत होतो. मग त्या खाली बसल्या. पदरानं तोंड पुसलं, पीठ अजूनच फासलं गेलं.

“पूस,” त्या म्हणाल्या. “माझ्यासमोर पूस.”

“मी फोटो पुसत नाही. कधीच नाही.”

“गिऱ्हाईक कोण हाय?”

मी माऊस हातात घेतला. माझ्या आयुष्यात मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो होता तो. तेव्हाही ठाऊक होतं आणि आज इतकी वर्षं झाली तरी दुसरा तसा मिळालेला नाही. मी पुसला.

“दुसरी कापी असतीया म्हणं तुमच्याकडं. तुझाच भाऊ सांगत हुता मागं, किती कापी ठेवता ते.”

मी उत्तमकडं असं बघितलं की तो भिंतीकडं बघायला लागला. दुसरी हार्ड डिस्क लावली. तिथूनही पुसला. कार्डावरूनही. त्या प्रत्येक वेळी पुढं वाकून, नीट बघून मान हलवत होत्या. मला पटलं नव्हतं. आजही पटलेलं नाही. पण फोटो त्यांचा होता.

“आता अल्बम,” त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. “ह्यो न्हाई लावायचा. पर त्योबी न्हाई लावायचा.”

“कुठला?”

“दिराचा. कन्यादानाचा.”

“मग कन्यादानाच्या पानावर लावू काय? देवाचा फोटो?”

“कायबी लावू नको. कोरं सोड.”

“कोरं?”

“पांढरं. दोन्ही बाजू. त्याच्या आधी मंगलाष्टकं, त्याच्या फुडं सप्तपदी, आणि मधी कोरं.” त्या उठल्या. “आणि अल्बम घिऊन तूच यायचं. अधिक म्हैना लागलाय. जावयाला धोंड्याचं जेवान हाय रविवारी, सासरची समदी येणार. तवा आण. पर तोंड उघडायचं न्हाई. कोण काय म्हणालं तरी. कबूल?”

मी मान हलवली.

“तोंडानं सांग.”

“कबूल.”

कोल्हापूरच्या लॅबनं फाईल बघून दोनदा फोन केला. “मॅडम, मधली शीट ब्लँक आलीय, परत पाठवा.” मी म्हणाले, बरोबर आहे, छापा. तिसऱ्यांदा लॅबचा मालक स्वतः बोलला. कोरी शीट छापायची म्हणजे मशीनचा अपमान आहे, असं काहीसं त्याचं म्हणणं होतं. मी त्याला एवढं झापलं की त्यानं अल्बम एका दिवसात पाठवला.

रविवारी द्वारकाबाईंच्या घरी पुढच्या सोप्यात सतरंज्या घातल्या होत्या. जावई रणधीर नवीन शर्टात अवघडून बसला होता, शेजारी त्याचे आईवडील. आतून पुरणाचा आणि साजूक तुपाचा वास येत होता. अल्बम मी दिला तो नानांनी माझ्या हातातून घेतला आणि मांडीवर ठेवला. यजमान तेच असल्यासारखे. माझ्याकडं बघून हसलेसुद्धा. फुलपात्राचा फोटो पुसला गेला, हे त्यांना कळलेलं असावं. मी भिंतीला टेकून बसले आणि दात आवळले.

“ही हळद,” नाना रणधीरच्या वडिलांना दाखवत होते. “ह्यो आमचा मानपानाचा कार्यक्रम. ही मंगलाष्टकं. काय गर्दी, बघा. आता बघा, पाव्हणं, ह्यो महत्त्वाचा. कन्यादान.”

त्यांनी जाड पान उलटलं. दोन्ही बाजू पांढऱ्या होत्या.

त्यांना वाटलं, दोन पानं चिकटली. नखानं सुटी करून बघितली. पुढं सप्तपदी होती. मागं मंगलाष्टकं. मध्ये पुन्हा पांढरं. रणधीरची आई चष्मा लावून पुढं वाकली.

“ह्ये काय?” नाना माझ्यावर ओरडले. “छापायला इसरलीस? का मुद्दाम केलंस? त्या दिवशीचा राग काढतीस व्हय माझ्यावर? लाखभर रुपयांच्या कामाला तुझ्यासारखी बाई घेतली हीच आमची चूक!”

माझ्या जिभेवर पुष्कळ काही गोळा झालं होतं. पण मी कबूल केलं होतं. मी सतरंजीची दशी ओढत राहिले.

“तिची चूक न्हाई.”

द्वारकाबाई आतल्या दारात उभ्या होत्या. हातात धोंड्यांचं ताट, अंगावर हिरवट रंगाचं लुगडं, कपाळावर टिकली. बारीकशी, काळी. ती त्यांनी कधी लावायला सुरुवात केली, मला ठाऊक नाही.

“मीच कोरं ठेवायला सांगितलं,” त्या म्हणाल्या.

“का म्हणून?”

“तवा मला कोठीत बसवलं हुतं. लेकीचं कन्यादान मी बघितलं न्हाई. जे मी बघितलं न्हाई, ते माझ्या अल्बमात कशाला?”

बघितलं होतं. मला ठाऊक होतं. मी मान वर केली तर समोर स्वरूपा होती, सासूच्या शेजारी. ती माझ्याकडंच बघत होती. तिलाही ठाऊक होतं. आम्ही दोघींनी एकदमच नजर खाली घेतली.

“वैनी, अगं मी केलं की कन्यादान!” नानांचा आवाज चिरकला. “सगळ्या गावासमोर केलं! त्येचा फोटो नको?”

“केलंसा न्हवं? मग तुमच्या ध्यानात असंलच,” द्वारकाबाई म्हणाल्या. “फोटो कशाला पायजे?”

नानांनी रणधीरच्या वडिलांकडं बघितलं. ते दाराबाहेर बघत होते. रणधीरच्या आईनं मात्र अल्बम नानांच्या मांडीवरून उचलला, आपल्या पुढ्यात घेतला आणि त्या पांढऱ्या पानावरून हात फिरवला.

“आणि विहीणबाई,” तिनं हळूच विचारलं, “पुढं कुणी विचारलं, हे पान असं का, तर काय सांगायचं?”

“तुम्ही कशाला सांगताय? माझी लेक सांगंल की,” द्वारकाबाई ताट खाली ठेवत म्हणाल्या. “तोंड हाय तिला.”

त्यांनी वाढायला घेतलं. पहिलं जावयाला, मग त्याच्या आईवडिलांना, मग मला. नाना उठले. फेटा नव्हता तरी सवयीनं डोक्याला हात लावला, उंबऱ्यापाशी गेले, चपला घातल्या आणि क्षणभर पाठमोरे उभे राहिले. सणावाराचं जेवण सोडून घरातलं माणूस निघालं तर कुणीतरी हाताला धरून बसवतं, तशी रीत आहे. द्वारकाबाईंनी माझ्या पानात तूप वाढलं. स्वरूपानं पाण्याचा तांब्या फिरवला. नाना तसेच गेले. त्यांना कुणी थांबवलं नाही.